घरचे अठ्ठावन्न हजार की पुण्याचा लाख?

डिचोलीकर (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ३३ असून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर गेली आठ वर्षे मी गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करतो. महिन्याचा पगार ४५,००० आहे आणि पीएफ, कँटीन वगैरे कापून ४१,००० हातात येतात. पत्नी डिचोलीतच एका खाजगी शाळेत शिकवते, तिला १७,००० मिळतात. घर वडिलोपार्जित आहे, आई आमच्याबरोबर राहते आणि तीन वर्षांच्या मुलीला दिवसभर तीच सांभाळते. कंपनीची बस पहाटे सव्वासहाला नाक्यावर येते, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च नाही. मात्र रोजचे जवळजवळ तीन तास त्या बसच्या खिडकीला डोके टेकून जातात.

आता पुण्यात हिंजवडीच्या एका कंपनीकडून वर्षाला बारा लाखांचे बोलावणे आले आहे. ज्याला सांगावे तो ‘म्हणजे महिन्याला लाख’ असे म्हणून मोकळा होतो आणि मी अजून विचार कसला करतो आहे याचे त्याला आश्चर्य वाटते. वाकडला राहणाऱ्या मित्राकडे चौकशी केली, तर दोन बेडरूमचे घर देखभालीसह २८,००० च्या खाली मिळणार नाही असे तो म्हणाला. इथे दोघांच्या मिळून ५८,००० मध्ये आम्ही महिन्याला १८,००० पर्यंत मागे टाकतो. बारा लाखांत पुण्याला त्याहून जास्त शिल्लक राहील का, हे कागदावर मांडून सांगणारे कोणी भेटले तर बरे होईल. कंपनीने पाठवलेल्या तक्त्यात मूळ वेतन ४,८०,०००, कंपनीचा पीएफ ५७,६००, ग्रॅच्युइटी २३,०८८, गटविम्याचा हप्ता १२,०००, कामगिरीनुसार मिळणारी रक्कम १,२०,००० आणि उरलेले निरनिराळे भत्ते असे लिहिले आहे.

पर्वरीचा भाडेकरू

मी मूळचा कुडाळचा असून नऊ वर्षांपासून पर्वरीला भाड्याने राहतो, त्यामुळे पुण्याला न जाताही तुम्हाला पुण्याची थोडी चव देऊ शकेन. कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी सोडून माझा वर्षाचा पगार पंधरा लाख आहे. प्राप्तिकर आणि माझा पीएफ कापून एक लाख दहा हजारांच्या आसपास खात्यात पडतात. गावाकडे माझ्या पगाराबद्दल जे बोलले जाते ते ऐकले की मला माझाच हेवा वाटतो.

प्रत्यक्षात काय होते ते पाहा. भाडे २७,००० आणि सोसायटीची देखभाल २,५००, गाडीचा हप्ता १४,०००, पेट्रोल ७,०००, मुलाची शाळा, बस आणि शिकवणी मिळून ११,०००, आईवडिलांना १०,०००, किराणा, भाजी, दूध आणि नुस्ते (मासे) यांचे २२,०००, वीज, गॅस आणि इंटरनेटचे ५,०००, घरकामाच्या मावशींचे ४,०००, विम्याचे ४,५००. बेरीज १,०७,००० होते. उरलेल्या तीन हजारांत कपडे, औषधे, लग्नाकार्यातले आहेर आणि गावी जाणे बसवायचे असते. पेट्रोल गोव्यात महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असल्याने कुडाळला निघताना सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे टाकी काठोकाठ भरून घेतो, एवढीच काय ती माझी काटकसर.

भाड्याचा आकडा मात्र पूर्ण गोष्ट सांगत नाही. मागच्या ऑक्टोबरात घरमालकांनी ‘पंखा बघायला येतो’ म्हणून निरोप दिला आणि येताना मापाची पट्टी घेऊन आले. बेडरूमच्या खिडक्या मोजून झाल्यावर त्यांनी शांतपणे सांगितले की आपला अकरा महिन्यांचा करार नोव्हेंबरात संपतो, तो आता वाढवायचा नाही, कारण हंगामात पर्यटकांना दिवसावर दिलेले परवडते. घर सोडताना त्यांच्या पत्नीने भिंतीतल्या खिळ्यांची भोके मोजली. सात भरली आणि रंगकामापोटी अनामत रकमेतून चार हजार गेले. नव्या घरासाठी एजंटला एका महिन्याचे भाडे, टेम्पोचे नऊ हजार आणि पुन्हा अनामत, असा त्या महिन्यात पूर्ण पगार वाहून गेला. तुमच्या डिचोलीच्या घराच्या भिंतीत तुम्ही हवे तेवढे खिळे ठोकू शकता, ही गोष्ट पगाराच्या तक्त्यात कुठेच लिहिलेली नसते.

हिशेबनीस

म्हापशात पगारदार मंडळींची विवरणपत्रे भरून देणे हाच माझा व्यवसाय असल्याने आधी तक्ता सोडवतो, मत नंतर देतो.

बारा लाखांतून कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा आणि कामगिरीची रक्कम वजा केली की ९,८७,३१२ राहतात, म्हणजे महिन्याला ८२,२७६. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ४,८०० जाईल आणि महाराष्ट्रात असल्यामुळे व्यवसाय कराचे २०० जातील. हा कर गोव्यात नाही, म्हणून आपल्याकडच्या पगारपत्रकावर तो दिसत नाही. तिकडे तो फेब्रुवारीत ३०० आणि वर्षाला एकूण २,५०० होतो. हातात ७७,२७६ येतील. लोक ज्याला लाख म्हणत आहेत तो लाख हा असा आहे.

प्राप्तिकर मात्र शून्य. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते आणि करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर उरत नाही. कामगिरीची पूर्ण रक्कम मिळाली तरी तुमचे करपात्र उत्पन्न १०,३२,३१२ च होते. त्यामुळे ‘पगार वाढला की सगळा करात जातो’ हे वाक्य तुमच्या बाबतीत लागू नाही. ते थोडे वर गेल्यावर, आणि तेही काही थोड्याच अंतरापुरते, खरे होते. पगार १२,७५,००० असणाऱ्याला कर नाही. पण त्याच्यावर २५,००० वाढले, तर पंचवीस हजार कर आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून २६,००० भरावे लागतात. वाढ पंचवीस हजारांची आणि कर सव्वीस हजारांचा, अशी तक्रार घेऊन यंदा माझ्याकडे तिघे जण आले होते. पगार साधारण साडेतेरा लाखांच्या पुढे गेला की ही अडचण सुटते आणि नेहमीचे टप्पे लागू होतात. वीस लाख पगाराला वर्षाचा कर १,९२,४००, म्हणजे महिन्याला सोळा हजार इतका येतो.

पर्वरीच्या मित्रांनी विचारलेले नाही, तरी सांगतो. एवढे भाडे भरत असताना जुनी प्रणाली बरी पडेल असे पुष्कळांना वाटते. तुमचे मूळ वेतन सहा लाख आणि मिळणारा घरभाडे भत्ता २,४०,००० धरला (आपल्याकडे महानगराचा ५० टक्क्यांचा नव्हे, ४० टक्क्यांचा नियम लागतो), गुंतवणुकीचे दीड लाख आणि आरोग्यविम्याचे २५,००० वजा केले, तरी जुन्या प्रणालीत कर १,२७,९२० येतो, तर नव्या प्रणालीत ९७,५०० च. भाड्याच्या पावत्या जपून ठेवल्या असतील तर त्यांचा उपयोग घरमालकाशी वाद झाल्यास होईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी उठला आहे, तेव्हा तुमचा हप्ता त्या प्रमाणात उतरला आहे की नाही हेही एकदा तपासून पाहा.

आता डिचोलीकरांचा मूळ प्रश्न, पत्नीची इथली नोकरी सुटेल असे धरून. ७७,२७६ मधून २८,००० भाडे गेले की ४९,२७६ राहतात. इथे भाडे नसताना दोघांचे ५८,००० आहेत. म्हणजे पुण्याची भाजी महाग की गोव्याची, या वादात न शिरताच तुम्ही दरमहा ८,७२४ नी मागे पडता. न्याय म्हणून दुसरी बाजूही मांडतो. मूळ वेतन वाढल्याने तुमचा आणि कंपनीचा मिळून पीएफ सध्याच्या ५,४०० वरून (मूळ वेतन अर्धे, म्हणजे २२,५०० धरून) ९,६०० होईल, म्हणजे ४,२०० जास्त साठतील. त्यातले कंपनीच्या वाट्याचे १,२५० निवृत्तिवेतन योजनेत वळतात, पण तेवढे ते इथेही वळतातच. कामगिरीची रक्कम पूर्ण मिळाली तर महिन्याला दहा हजार धरा. दोन्ही मिळवले की पुणे साडेपाच हजारांनी पुढे जाते. पीएफचे पैसे मात्र आत्ता वापरता येत नाहीत, आणि कामगिरीच्या रकमेवर घर चालवू नये असे मी माझ्या जावयालाही सांगितले आहे.

सगळी गोम पत्नीच्या सतरा हजारांत आहे. त्यांना पुण्यात वीस हजारांची नोकरी मिळाली आणि मुलीच्या पाळणाघराचे दहा हजार गेले, तरी पारडे फिरते. नोकरी मिळाली नाही तर फिरत नाही. तेव्हा तुमच्या पगारापेक्षा त्यांच्या नोकरीची चौकशी आधी करा.

बांदोड्याहून

मी सरकारी खात्यात कारकून आहे. यजमान खाजगी गाडीवर चालक आहेत. वरच्या सगळ्या हिशेबांत स्वयंपाकघर ‘किराणा, भाजी, नुस्ते’ अशा एका ओळीत उरकलेले पाहून लिहायला बसले, कारण पगार पुरतो की नाही हे पुष्कळदा त्या ओळीतच ठरते.

आमच्याकडे पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, रीत अजून चालू आहे. एप्रिल-मे महिन्यांत उकडे तांदूळ, मिरच्या, आमसुले आणि सुके बांगडे-सुंगटे भरून ठेवले की जून आणि जुलै, म्हणजे मासेमारी बंदीचे दोन महिने, बाजाराच्या तोंडाकडे फारसे बघावे लागत नाही. ज्यांच्याकडे साठवायला माळा नाही आणि सुकवायला अंगण नाही त्यांना त्याच दिवसांत बर्फातले मासे दुप्पट भावाने घ्यावे लागतात. भाजी मी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर घेते. ती बहुतेक बेळगावहूनच येते, पण अनुदानामुळे बाजारापेक्षा स्वस्त मिळते, आणि आठवड्याच्या भाजीत हा फरक शंभर-सव्वाशे रुपयांचा सहज पडतो. घरामागच्या पाच माडांची किंमत तर गेल्या वर्षी कळली. नारळ पन्नाशीच्या घरात गेला तेव्हा पणजीत फ्लॅटमध्ये राहणारी माझी बहीण आमटीत खोबरे घालताना चमचा मोजू लागली होती. शनिवारी आली की पिशवीतून सहा नारळ घेऊन जाते आणि माझ्यासाठी मिठाईचा पुडा आणते. तो पुडा नारळांपेक्षा महाग असतो, पण ते तिला कोण सांगणार?

कमी पगाराचीही गोष्ट इथे यायला हवी. आमचे शेजारी कुंडईच्या एका कारखान्यात आहेत, पगार १८,०००. त्यांच्या घरात सासूबाईंना दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे २,००० आणि वहिनींना गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे १,५०० येतात. पगार २१,००० च्या आत असल्याने ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू आहे, त्यापोटी पगारातून फक्त १३५ रुपये कापले जातात. शिवाय दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला वर्षाला चार लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. यांतले कोणतेच पैसे फार मोठे नाहीत. पण २१,५०० मध्ये, स्वतःच्या घरात राहून, त्यांचे दोन मुलगे शिकत आहेत. उद्या त्यांचा पगार वाढून कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या वर गेले तर गृह आधार जाईल. त्या सीमेवर पोहोचल्यावर महिन्याला पाच-सातशेच्या वाढीसाठी दीड हजार सोडायचे का, असे वहिनींनी मला खरोखरच विचारले होते.

आणि डिचोलीकर, पुण्याच्या हिशेबात चवथ (गणेशचतुर्थी) धरायला विसरू नका. माटोळीचे (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छताचे) सामान, भजनी मंडळाचा चहा-फराळ, सगळ्यांचे कपडे हे तर आहेच. पण तुम्ही पुण्याहून येणार, तेव्हा त्या आठवड्यात खाजगी बसवाले जो भाव सांगतात तो चौघांसाठी गुणून पाहा. आई इथेच राहणार असतील तर तिघांसाठी. त्या कुठे राहणार हे तुम्ही लिहिलेलेच नाही.

पुण्याहून परतलेला

इथे सगळ्यांनी मिळून डिचोलीकरांना घरीच बसवायचे ठरवलेले दिसते, म्हणून थोडा विरोध नोंदवतो.

मी पाच वर्षे पुण्यात काढली. ५२,००० वर रुजू झालो आणि सोडताना ९८,००० हातात येत होते. आता म्हापशात ७०,००० वर काम करतो. हे सत्तर हजार मला म्हापशात बसून कधीच मिळाले नसते. ते पुण्यातल्या पाच वर्षांचे आहेत. वरचा हिशेब या वर्षाचा आहे आणि तो बरोबर आहे. पण नोकरी एका वर्षासाठी कोणी बदलत नाही. आठ वर्षांत ४५,००० पर्यंत पोहोचलेला माणूस पुढच्या आठ वर्षांत कुठे पोहोचेल याचा अंदाज तुमच्याच विभागातल्या वयाने मोठ्या सहकाऱ्याकडे पाहून बांधा. तुमच्या क्षेत्रात तपासणी यंत्रांवरचा अनुभव बोलतो आणि तो मोठ्या प्रयोगशाळेत लवकर मिळतो.

घराबद्दलही एक सांगतो. भाडे नाही म्हणजे घराचा खर्च नाही, असे नव्हे. गेल्या एप्रिलमध्ये आमच्या घराची कौले परतली, वाळवी लागलेले दोन वासे बदलले आणि मागच्या भिंतीची ओल काढली; साठ हजार झाले. महिन्यावर पसरले तर पाच हजार, आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी कुठे ना कुठे पुन्हा गळणारच. वडिलोपार्जित घर हा न मिळणारा पगार आहे हे कबूल, पण त्या पगारातूनही कापून जाते.

मधला मार्गही आहे. पहिले वर्ष एकट्याने जा. तिघांत वाटून घेतलेल्या घरातली खोली आणि मेस मिळून १८,०००, महिन्यातून दोनदा रात्रीच्या बसने येण्याजाण्याचे ५,०००. म्हणजे ५४,२७६ राहतात, सध्याच्या ४१,००० पेक्षा तेरा हजार जास्त, आणि पत्नीची नोकरीही सुटत नाही. मी असेच केले होते. रविवारी रात्री म्हापशाच्या स्टँडवर बस लागली की माझा मुलगा माझ्या बॅगेच्या चाकांवर बसायचा, ती पुढे ढकलता येऊ नये म्हणून. त्याचा भाव मला अजून लावता आलेला नाही, तो तुमचा तुम्ही लावा.

डिचोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. आईच्या राहण्याचा प्रश्न बांदोड्याच्या ताईंनी विचारला तेव्हा लक्षात आले की मी तो टाळतच होतो. आईला विचारले. ती म्हणाली, ‘देवाकडे दिवा कोण लावणार?’ म्हणजे ती येणार नाही, आणि मुलीला पाळणाघरात ठेवावे लागेल.

कंपनीला पत्र पाठवून दोन गोष्टी विचारल्या. कामगिरीची रक्कम एप्रिलमध्ये मिळते, आणि ३१ मार्चला नोकरीत असलेल्यांनाच, असे उत्तर आले. मी जानेवारीत रुजू झालो तर पहिल्या वर्षी तीन महिन्यांचीच, म्हणजे जास्तीत जास्त ३०,००० मिळेल. त्यातली अर्धी रक्कम स्थिर पगारात घालता येईल का, यावर ‘कळवतो’ म्हणाले आहेत. पत्नीने पुण्यातल्या तीन शाळांना अर्ज केले आहेत. तिला नोकरी मिळाली तर तिघेही जाऊ, न मिळाल्यास एकट्याने जाण्याचा विचार आहे, पण ती बॅगेची गोष्ट वाचल्यापासून पत्नी त्याला तयार नाही.

हिशेबनीसांना एक शंका विचारतो. आम्ही गेलो तर घराच्या रस्त्याकडच्या बाजूचा गाळा एका शिंप्याला महिना ६,००० भाड्याने देता येईल. आई तिथेच असल्याने देखरेखही होईल. वडील गेल्यावर वाटणी होऊन घर माझ्या नावावर झाले आहे. या भाड्यावर पुण्याच्या पगारात मिळवून कर बसेल का?

हिशेबनीस

बसणार नाही. वर्षाचे ७२,००० भाडे, त्यातून दुरुस्ती वगैरेपोटी ३० टक्के सरसकट वजा होऊन ५०,४०० राहतात. तुमचे लग्न गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे नोंदलेले असेल आणि लग्नाआधी मालमत्तेचा वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि प्राप्तिकर कायद्यानुसार (१९६१ च्या कायद्यात कलम ५-अ) पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे वाटले जाते. पगार मात्र ज्याचा त्याचाच राहतो. घर एकट्या तुमच्या नावावर असले तरी भाड्यातले २५,२०० तुमचे आणि २५,२०० त्यांचे. तुमचे एकूण १०,५७,५१२ होईल, बारा लाखांच्या आतच. त्यांचे तर चार लाखांच्याही खाली राहील. मुदतठेवींच्या व्याजालाही हाच नियम, मग ठेव कोणाच्याही एकट्याच्या नावावर असो.

नोकरी पुण्याला धरल्याने यात फरक पडत नाही, पण तिकडचा सल्लागार विवरणपत्रातले या वाटणीचे परिशिष्ट बहुधा रिकामे ठेवील. ते, म्हणजे परिशिष्ट ५-अ, भरायला आणि त्यात पत्नीचा पॅन क्रमांक द्यायला त्याला आठवणीने सांगा. आणि शिंप्याशी करार करताना गाळ्यासाठी विजेचा वेगळा मीटर आधी बसवून घ्या.